दिसत नाही म्हणून डोळा निकामी होत नाही: सासऱ्यांच्या सरकत्या झोपेबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासरे ६८ वर्षांचे, राहतात साताऱ्याजवळच्या गावात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे नजर कमी कमी होत गेली आणि आता कित्येक वर्षं दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नाही. झोपेचं तंत्र विचित्र आहे. महिना-दीड महिन्यातून एकदा आठ-दहा दिवस छान झोपतात, मग झोप रोज थोडी उशिरा लागायला लागते, मग रात्रभर टक्क जागे आणि दुपारी हातात घास घेऊन डुलक्या. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळीने सकाळी तोल जातो. त्यात उजव्या डोळ्यात दाब वाढून सतत ठणका आहे आणि ‘तसाही त्याचा उपयोग नाही, काढून टाकू’ असा सल्ला मिळालाय. तुम्ही विचारलंय: हे वयामुळे होतं की आंधळेपणामुळे, मेलाटोनिन हे रात्रीचं हॉर्मोन गोळीने द्यावं का, आणि जाता जाता, डोळा काढला तर काही बिघडेल का.

मी नेत्रतज्ज्ञ आहे आणि नजर गेलेल्या माणसांबरोबर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मी सासऱ्यांचे डोळे पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या माहितीवर बेतलेलं आहे. पण जाता जाता विचारलेला तुमचा तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने पहिला आहे. तो सुटल्याशिवाय बाकीच्या दोघांना हात घालण्यात अर्थ नाही.

कारण असं की डोळा दोन कामं करतो. एक म्हणजे बघणं. दुसरं म्हणजे बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणं. पहिलं काम बंद पडलं तर दुसरंही बंद पडलं असणार, असं आपण गृहीत धरतो. डॉक्टरही धरतात, मला कॉलेजात शिकवलं गेलं तेही असंच. पण ते तसं नाही, आणि ते तसं नाही हे कळायला शास्त्रज्ञांनाही फार वेळ लागला.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाची पेशींची एक जोडगोळी आहे. दोन्ही मिळून जेमतेम वीस हजार पेशी. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोप, जाग, अंगाचं तापमान, भूक, हॉर्मोन, सगळ्यांच्या वेळा तिथून ठरतात. या घड्याळाचा स्वतःचा दिवस बरोबर चोवीस तासांचा नसतो. बहुतेक माणसांत तो थोडा मोठा असतो, सरासरी चोवीस तास आणि दहा-बारा मिनिटं. एखाद्याचा साडेचोवीस तासांचाही असतो. तुमचं-माझं हे घड्याळ रोज सकाळी उजेड मिळाला की जुळवलं जातं, म्हणून फरक जाणवत नाही. ज्याच्या घड्याळापर्यंत उजेड पोचतच नाही, त्याचा दिवस रोज तेवढा पुढे सरकत राहतो. साडेचोवीस तासांचा दिवस असेल तर रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्यात साडेतीन तास. अठ्ठेचाळीस दिवसांनी एक पूर्ण फेरी होऊन झोप पुन्हा रात्रीवर येते. मग काही दिवस सगळ्यांना वाटतं, बरं झालं, सुटलं एकदाचं. तुम्ही लिहिलेलं ‘महिना-दीड महिन्यातून आठ-दहा दिवस छान’ वाचल्याबरोबर माझ्या मनात हेच आलं.

हे काही नवं नाही. १९७७ साली अमेरिकेत एका अंध माणसाच्या तपासण्या प्रसिद्ध झाल्या. तो चारचौघांसारखा समाजात वावरत होता, वेळेवर उठायची धडपड करत होता, तरीही त्याचं शरीर २४.९ तासांच्या दिवसावर चालत होतं. भोवतालचा सगळा गाव चोवीस तासांवर चाललेला असूनही. वैद्यकशास्त्रात या त्रासाला ‘नॉन-ट्वेंटीफोर’ म्हणतात, आणि तो मुख्यतः अजिबात उजेड न जाणवणाऱ्या अंधांमध्ये आढळतो.

पण काही अंध लोकांचं घड्याळ अगदी बरोबर चालतं, आणि त्याचं कारण शोधण्यात रसेल फॉस्टर या ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. ते आता ऑक्सफर्डला आहेत. १९९१ मध्ये ते अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात होते आणि उंदरांवर काम करत होते. उंदराची एक जात अशी आहे की जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत तिच्या पडद्यातल्या रॉड पेशी मरतात, मग कोन पेशीही जातात. बघायचं काम या दोनच प्रकारच्या पेशी करतात. म्हणजे उंदीर आंधळा. थोडक्यात, तुमच्या सासऱ्यांना जे झालंय तेच. फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आंधळ्या उंदरांना अंधारात ठेवून ठरावीक वेळी थोडा वेळ उजेड दाखवला आणि त्यांची चाकावर पळायची वेळ सरकते का ते पाहिलं. सरकली. डोळस उंदरांची जेवढी सरकते तेवढीच.

खरं तर याची चाहूल त्याच्याही फार आधी लागली होती. १९२० च्या दशकात क्लाइड कीलर नावाच्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याला आपल्या आंधळ्या उंदरांची बाहुली उजेडात लहान होताना दिसली. त्याने ते छापलंही. मग पुढची सत्तर वर्षं त्याकडे कुणी फारसं फिरकलं नाही. फॉस्टर यांच्या निष्कर्षावरही लोक सहज विश्वास ठेवायला तयार नव्हते. आक्षेप दोन होते: दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पडद्यात एक अख्खी पेशी सगळ्यांच्या नजरेतून कशी सुटेल, आणि तुमच्या उंदरांत थोड्या कोन पेशी उरल्या नसतील कशावरून? दुसरा आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर १९९९ मध्ये मिळालं. तेव्हा फॉस्टर यांच्या लंडनमधल्या गटाने रॉड आणि कोन दोन्ही अजिबात नसलेले उंदीर तयार केले. त्यांचंही घड्याळ उजेडाने जुळत होतं. आणि डोळेच काढले की जुळायचं थांबत होतं.

हे शेवटचं वाक्य सासऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. चिमणीचे डोळे काढले तरी तिचं घड्याळ उजेडाने जुळतं, कारण पक्ष्यांच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. सस्तन प्राण्यांचं तसं नाही. आपल्याला तो रस्ता फक्त डोळ्यातून आहे. (१९९८ मध्ये गुडघ्याच्या मागे उजेड पाडून घड्याळ सरकतं असा एक निबंध आला होता, फार गाजला, नंतर काळजीपूर्वक पुन्हा तपासलं तर तसं काही आढळलं नाही. तेव्हा कुणी अंगावर, कानात उजेड पाडायचं यंत्र विकायला आलं तर घेऊ नका.)

ती सुटलेली पेशीही पुढे सापडली. इग्नासियो प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलानॉप्सिन नावाचं उजेड टिपणारं द्रव्य मिळालं आणि नंतर तेच माणसाच्या पडद्यात मिळालं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या ब्राउन विद्यापीठातल्या गटाने दाखवून दिलं की पडद्याच्या आतल्या थरातल्या काही मोजक्या गँग्लियन पेशी बाकी कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात. या पेशींच्या तारा थेट त्या मेंदूतल्या घड्याळाकडे जातात. त्यांना चित्र दिसत नाही, चेहरा दिसत नाही. किती उजेड आहे आणि किती वेळ आहे, एवढंच त्या मोजतात. सगळ्यात जास्त चेततात त्या निळ्या उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या, म्हणजे निरभ्र आकाशाच्या निळाईच्या आसपास.

माणसात हे खरं आहे का? आहे. १९९५ मध्ये बोस्टनच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने अकरा अंध लोकांना रात्री प्रखर उजेड दाखवून त्यांच्या रक्तातलं मेलाटोनिन मोजलं. मेलाटोनिन हे रात्रीचं हॉर्मोन, उजेड पडला की ते उतरतं. अकरापैकी तिघांत ते उतरलं, आणि त्यांतल्या दोघांना डोळे झाकून पुन्हा तपासलं तेव्हा उतरलं नाही. त्या तिघांना उजेड ‘दिसत’ नव्हता. २००७ मध्ये ऑक्सफर्ड आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून आणखी दोन अंध माणसं तपासली. त्यांतल्या एका वृद्ध बाईंना तर निळा दिवा लागलाय की विझलाय हे सांगता येत होतं, इतर रंगांचं मात्र नाही.

आता अकरापैकी तिघं म्हणजे आठ जणांत काहीच घडलं नाही, हेही लक्षात घ्या. इथेच खरी मेख आहे. अंध माणूस म्हटला की उजेड पोचतो असंही नाही आणि पोचत नाही असंही नाही. नजर कशाने गेली त्यावर ते ठरतं. रेटिनायटिस पिगमेंटोसात मरतात त्या बाहेरच्या थरातल्या रॉड-कोन पेशी. आतला गँग्लियन थर बराच काळ शाबूत राहू शकतो, म्हणून या आजारात घड्याळाचा रस्ता उघडा असण्याची शक्यता चांगली. काचबिंदूचं उलटं. तिथे दाबाने मरतात त्या गँग्लियन पेशीच, आणि त्यात या खास पेशीही जातात. अपघातात डोळा फुटला, आकसून गेला किंवा काढावा लागला, तर प्रश्नच मिटला.

हे तुमच्या सासऱ्यांना लावून बघू. मूळ आजार पिगमेंटोसा, म्हणजे उजेड पोचायला हवा होता. पण झोप तर सरकतेय. मग उजेड अडतोय कुठे? मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा तुमच्याच पत्रात आहे. ते दिवसभर माजघरात असतात आणि काळा चष्मा लावून बसतात. संध्याकाळी सगळे घरी आले की त्याच खोलीत टीव्ही आणि ट्यूबलाइट, साडेअकरा-बारापर्यंत. त्यात तुमची काही चूक नाही. ‘त्यांना काय, अंधार नि उजेड सारखाच’ असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्या त्या पेशी जिवंत असतील तर त्यांना दिवसा अंधार मिळतोय आणि रात्री उजेड. जुन्या घरांच्या माजघरात दुपारी मोबाइलच्या ॲपवर उजेड मोजून बघा, पुष्कळदा पन्नास लक्सही भरत नाही. अंगणात ढगाळ दिवशीसुद्धा दहा हजारांच्या आसपास असतो, आणि उन्हात पन्नास हजारांच्या वर. त्यावर काळा चष्मा म्हणजे उरलंसुरलंही गेलं. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन डोळस, निरोगी माणसांसाठी एक शिफारस केली: या पेशींच्या हिशेबाने मोजलेला उजेड दिवसा डोळ्यांच्या पातळीला किमान २५० लक्स, झोपायच्या आधीचे तीन तास १० पेक्षा कमी, आणि झोपेत जवळजवळ शून्य. ज्याच्या रॉड-कोन पेशी गेल्या आहेत त्याला दिवसा त्याहून बराच जास्त लागेल, असं धरून मी चालते.

दुसरी जागा मोतीबिंदू. पिगमेंटोसाच्या रुग्णांत तो लवकर होतो, आणि नजर आधीच गेलेली असल्यामुळे त्याच्या ऑपरेशनचा विषयच कुणी काढत नाही. पिवळट-तपकिरी झालेलं भिंग नेमका निळा उजेडच जास्त अडवतं. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून घ्या. असला म्हणून लगेच ऑपरेशन करा असं मी म्हणणार नाही. केवळ झोपेसाठी मोतीबिंदू काढायचा निर्णय सोपा नसतो, आणि उजेड वाढवून काही फरक पडतो का हे आधी बघता येतं. पण तो आहे की नाही हे माहीत असलेलं बरं.

तिसरी जागा दाब. उजव्या डोळ्यात तो वाढलेला आहेच. डाव्या डोळ्याचा शेवटचा कधी मोजला? आंधळ्या डोळ्यात दाब मोजायचा आणि थेंब टाकायचे कशाला, म्हणून ते बंद केलेले घरोघरी सापडतात. डाव्या डोळ्यात दाब वाढत असेल तर घड्याळाच्या पेशी एकेक करून जातील, आणि त्या परत येत नाहीत. एवढं एक काम या आठवड्यात करा, बाकीचं सवडीने केलंत तरी चालेल.

मग उजव्या डोळ्याचं काय? डोळा काढण्याच्या मी विरोधात नाही. असह्य ठणका असेल तर तो ठणकाच माणसाला झोपू देत नाही, आणि डोळा काढल्यावर पहिल्यांदा शांत झोपलेले रुग्णही मी पाहिलेत. बराच काळ दाब वाढलेल्या डोळ्यातल्या गँग्लियन पेशी गेलेल्या असण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे तो गेल्याने घड्याळाचं फारसं नुकसान होणारही नाही कदाचित. पण ‘कदाचित’वर डोळा काढायचा नसतो. आधी दोन्ही डोळ्यांची तपासणी करून घ्या. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. पूर्ण अंधाऱ्या खोलीत काही मिनिटं बसवायचं आणि मग एकेका डोळ्यावर प्रखर निळा प्रकाश काही सेकंद टाकायचा. आम्ही डोळे तपासतो त्या स्लिट लॅम्पला निळा फिल्टर असतोच. बाहुली सावकाश लहान झाली, आणि मुख्य म्हणजे प्रकाश बंद केल्यावरही बरेच सेकंद लहानच राहिली, तर त्या पेशी काम करतायत असं समजायला जागा आहे. लाल प्रकाशाला असं होत नाही. ही चाचणी फसूही शकते. दाबासाठी पायलोकार्पिनचे थेंब चालू असतील, बाहुली मोठी करणारं औषध घातलं असेल किंवा जुन्या सुजेने बाहुली चिकटलेली असेल, तर ती हलणारच नाही, आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. कुठले थेंब चालू आहेत त्याच्या बाटल्याच बरोबर न्या.

ठणका थांबवायला डोळा काढण्याच्या अलीकडे काही पायऱ्या आहेत: दाबाचे थेंब, सूज कमी करणारे थेंब, डायोड लेसरने पाणी तयार करणारा भाग निकामी करणं, डोळ्यामागे इंजेक्शन. यातल्या किती करून झाल्यात ते विचारा. सगळं करून झालं असेल, किंवा डोळ्यात गाठ असल्याचा संशय असेल, तर मात्र वेळ काढू नका. गाठीचा संशय असताना झोपेचा विचार दुय्यम.

आता झोपेकडे. गोळी देण्याआधी वही. शाळेच्या आलेखाच्या वहीचं एक पान घ्या. प्रत्येक दिवसाला एक आडवी ओळ आणि तीत चोवीस चौकोन, पण सुरुवात मध्यरात्रीपासून नाही, दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत. म्हणजे रात्र पानाच्या मध्यभागी येते. सासरे झोपलेले असतील तेवढे चौकोन पेन्सिलीने काळे करा, दुपारच्या डुलक्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालची ओळ. सहा ते आठ आठवडे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तरी चालेल, एखादा दिवस राहिला तरी चालेल. नंतर आठवून मात्र भरू नका. आठवणीतली झोप नेहमीच जास्त नीटनेटकी असते. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडे हे काम द्या, मोठ्यांपेक्षा मुलं हे नेमाने करतात. आजोबांनाही विचारून भरायला सांगा, कारण डोळे मिटून पडून राहणं वेगळं आणि झोपणं वेगळं, आणि अंध माणसाच्या बाबतीत बघणाऱ्याला हा फरक चटकन कळत नाही.

पान भरलं की हातभर लांब धरून बघा. काळा पट्टा वरून खाली तिरका उजवीकडे सरकत गेलेला दिसला, तर घड्याळ मोकाट सुटलंय. पट्टा सरळ खाली येतोय पण संध्याकाळी सातला सुरू होऊन पहाटे दोनला संपतोय, तर ते वयाचं, घड्याळ जुळलेलं आहे, फक्त लवकर लावलेलं आहे. आणि काळे ठिपके कुठेही, कसेही विखुरलेले असतील तर वेगळी कारणं शोधायची: डोळ्याचा ठणका, प्रोस्टेटमुळे वारंवार उठणं, घोरताना श्वास अडकणं, नैराश्य, विसराळूपणाची सुरुवात. साठी ओलांडलेल्या माणसात यातली दोन-तीन एकत्रही असतात. नजर गेलेल्यांमधल्या नैराश्याकडे तर घरच्यांचं आणि आमचं, दोघांचंही दुर्लक्ष होतं.

वही भरत असतानाच उजेडाचा बदल सुरू करायला हरकत नाही. रोज सकाळी एकाच वेळी, समजा साडेसातला, चष्मा काढून ओट्यावर किंवा अंगणात तासभर बसवा. चहा तिथेच द्या, रेडिओ तिथेच लावा. सूर्याकडे तोंड करून बसवू नका, मोकळ्या आकाशाकडे चेहरा असला की पुरे. उन्हाने डोळा चुरचुरत असेल तर सावलीत, पण उघड्यावर. रात्री आठनंतर ते असतील त्या खोलीतली ट्यूब बंद, लागलाच तर खाली, मंद, पिवळा दिवा. टीव्ही दुसरीकडे हलवता आला तर उत्तम.

इथे एक इशारा. सकाळचा उजेड घड्याळ मागे ओढतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप लवकर येते; संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते पुढे ढकलतो. पण ‘सकाळ’ म्हणजे शरीराची सकाळ. ज्या दिवसांत त्यांची झोप उलटीपालटी झालेली असते, त्या दिवसांत बाहेरची सकाळ ही त्यांच्या शरीराची मध्यरात्र असू शकते, आणि तेव्हाचा उजेड उलट दिशेला ढकलेल. म्हणून हा क्रम पुढच्या चांगल्या आठ-दहा दिवसांत सुरू करा. घड्याळ जागेवर असताना त्याला धरून ठेवणं सोपं जातं, पळालेल्याला परत आणणं कठीण.

उजेडाशिवाय जेवणाच्या वेळा, फिरणं, देवपूजा, लोकांचा सहवास यांनी घड्याळ जुळत नाही का, असं तुम्ही विचाराल. वटवाघळांत जुळतं. मदुराई कामराज विद्यापीठातल्या एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या एका अंधाऱ्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळं अभ्यासली. गुहेतली बाकीची वटवाघळं मोकळी होती, रोज संध्याकाळी बाहेर जाऊन पहाटे परत येत. त्यांच्या येण्याजाण्यावर पिंजऱ्यातल्या वटवाघळांनी आपलं घड्याळ जुळवलं, उजेडाचा एक किरणही न बघता. १९८१ सालचं हे काम भारतीय जैवघड्याळ संशोधनातलं मला सगळ्यात आवडणारं. माणसाचं मात्र तेवढं सोपं नाही. तो १९७७ चा अंध माणूस लोकांतच राहत होता, तरी सरकला. नेमाच्या वेळांचा उपयोग होतो, काही जणांना बराच होतो, म्हणून त्या पाळाच. पण त्या पाळूनही झोप सरकली तर सासऱ्यांवर शिस्तीचा ठपका ठेवू नका. ‘दिवसभर झोपता मग रात्री कशी येणार’ हे वाक्य त्यांनी आजवर किती वेळा ऐकलं असेल!

राहिलं मेलाटोनिन. उजेडाचा रस्ता पूर्ण बंद आहे असं ठरलं, तर तेच मुख्य औषध, आणि त्याला चांगला आधार आहे. २००० साली ओरेगॉनच्या रॉबर्ट सॅक यांच्या गटाने पूर्ण अंध अशा सात जणांना रोज झोपायच्या आधी १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं, सहा जणांचं सरकणारं घड्याळ चोवीस तासांवर आलं. पुढे त्याच्या अंशाने, अर्ध्या मिलिग्रॅमनेही जमतं असं दिसलं. लोकांची गफलत अशी होते की ते मेलाटोनिन झोपेच्या गोळीसारखं घेतात, म्हणजे झोप आली नाही की एक, तरी आली नाही की आणखी एक. ते तसं वापरायचं औषध नाही. ते मेंदूला ‘रात्र झाली’ असं सांगतं, आणि हे रोज एकाच वेळी सांगावं लागतं. रात्री दहाला झोपायचं तर नऊला, रोज, लग्नाला गेलात तरी. चांगल्या टप्प्यात सुरू करायचं, कमी मात्रेने, आणि निकाल पंधरा दिवसांत मागायचा नाही. वहीतला तिरका पट्टा सरळ होतोय का ते दीड-दोन महिन्यांनी बघायचं. बंद केलं की घड्याळ पुन्हा सरकतं, म्हणजे हे बहुधा कायमचं.

हे डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सचं औषध, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर ते आधी सांगा. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉलसारखी गोळी घेत असतील तर तिने शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी होतं. परस्पर बंद करू नका, पण बदलता येईल का ते विचारा. आणि सध्याची झोपेची गोळी. ती घड्याळाला हात लावत नाही, फक्त गुंगी आणते. आंधळ्या, ६८ वर्षांच्या माणसाचा सकाळी तोल जातोय आणि न्हाणीघराची फरशी ओली आहे, हे चित्र मला झोपेपेक्षा जास्त घाबरवतं. एकदम थांबवायची नसते, हळूहळू कमी करावी लागते, म्हणून तेही लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोला.

तुमच्या मूळ प्रश्नांची उत्तरं एका ओळीत द्यायची तर: हे नुसतं वयामुळे वाटत नाही, मेलाटोनिनचा उपयोग होऊ शकतो पण ते यादीत चौथं आहे, डावा डोळा, उजेड आणि वही यांच्यानंतर, आणि उजवा डोळा काढण्याआधी डाव्याची खात्री झालीच पाहिजे, कारण उद्या एकच डोळा उरला तर घड्याळाचा सगळा भार त्याच्यावर आहे.

एक अवांतर. पिगमेंटोसा घराण्यातून येऊ शकतो. तुमच्या यजमानांना किंवा नणंदेला संध्याकाळी अडखळायला होत असेल, थिएटरच्या अंधारात इतरांपेक्षा जास्त चाचपडावं लागत असेल, तर त्यांचाही पडदा एकदा तपासून घ्या.

डाव्या डोळ्याचा दाब, मोतीबिंदू आहे की नाही, निळ्या प्रकाशाला दोन्ही बाहुल्यांनी काय केलं आणि चालू थेंबांची नावं, एवढं कळलं की इथेच लिहा. वहीच्या पानाचा फोटो नंतर टाकलात तरी चालेल. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर मात्र वही भरायची वाट बघू नका, तपासणी त्याच्या आधी करून घ्या.